मेघनंदेचा दुसरा शेवट

संगमनेर
९ जुलै २०२४

चि. लीना हीस अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, तुझ्या ताईने मला कामाला लावले आहे. अक्षर माझे पाहून दचकू नकोस. कुंदाच्या उजव्या डोळ्याला नाशिकच्या ऑपरेशननंतरही दृष्टी आली नाही, हे तू जाणतेसच. आता डाव्याच्याही पडद्यावर रक्त उतरले आहे. साखरेचे हे उद्योग. समोर माणूस उभा आहे एवढे तिला समजते, कोण ते समजत नाही. छापील अक्षर तर उन्हाळ्यापासून बंदच आहे. डाव्या डोळ्याचे ऑपरेशन लवकर करा, थांबलात तर तोही हातचा जाईल, असे डॉक्टर म्हणतात. कुंदा म्हणते, "एक डोळा देऊन झाला, दुसरा देणार नाही. आहे तेवढा उजेड मला पुरे." भार्गवी पुण्याहून येऊन आईपुढे रडून गेली. आईने लेकीला डबाभर लाडू बांधून दिले आणि परत पाठवले.

वाचन मात्र सुटत नाही. म्हणून तू पाठवलेली कादंबरी रोज दुपारी चहानंतर मी मोठ्याने वाचून दाखवतो. पुस्तक एसटीच्या पार्सलने यायचे, त्यात पत्र असायचे, आणि पुस्तकाविषयी फोनवर चकार शब्द काढायचा नाही, जे काय ते लिहून कळवायचे, हा तुम्हा बहिणींचा चाळीस वर्षांचा शिरस्ता मला आजवर निव्वळ खुळेपणा वाटत आला. तो आता माझ्याच गळ्यात पडला.

माझा स्वतःचा अभिप्राय कोणी विचारलेला नाही, तरी देतो. ऐतिहासिक म्हणवणाऱ्या या कादंबरीत सरदार विक्रांतराव भर मे महिन्यात किल्ल्याचा तुडुंब भरलेला खंदक पोहून राजकन्येच्या महाली जातो. डोंगरी किल्ला, आणि मे महिना! पाणी आले कुठून? मी पाटबंधारे खात्यात आयुष्य घालवले आहे, मला हे सहन होत नाही. कुंदा म्हणाली, "तो तिच्यासाठी पोहतोय आणि तुम्ही पाणी मोजताय." शिवाय दर वीस पानांनी ती दोघे एकमेकांच्या फार जवळ येतात. तेव्हा नेमकी भागूबाई समोर भांडी घासत असते. तेवढी पाने मी "येणेप्रमाणे उभयतांची भेट झाली" असे म्हणून उलटतो.

खाली कुंदाचा मजकूर. ती सांगते तसा शब्दशः लिहितो. कारकुनाने दुसऱ्याच्या मजकुरात हात घालायचा नसतो.

"लीने, राजकन्या बापाचं राज्य सोडून निघते आणि मागे वळून बघत नाही, तिथे माझा जीव गेला. मी असते तर दहा वेळा वळले असते. हे वाचतात बरं, पण पंचनामा वाचल्यासारखं. प्रेमाची पानं खातात. पुढची एखादी जादूची पाठव. खंदक नको, यांचं डोकं फिरतं."

कळावे.
शरच्चंद्र


जामखेड
१८ जुलै २०२४

ती. भाऊजींना सा. न. आणि तायडे, तुला गालगुच्चा.

हे पत्र भाऊजी तुला वाचून दाखवणार, म्हणून आधी त्यांनाच झापते. भाऊजी, प्रेमकथेतली प्रेमाची पानं खाणं म्हणजे पुरणपोळीतलं पुरण काढून वाढणं. भागूबाईला काय नवं आहे त्यात? तिची पाच लेकरं आहेत.

तायडे, राजकन्येवरून आपलं भांडण. मला ती खोटी वाटली. मागे न वळणाऱ्या बायका कादंबरीतच असतात. लग्न होऊन मी जामखेडला आले, तेव्हा संगमनेरचं स्टँड दिसेनासं झालं तरी एसटीच्या मागच्या काचेला नाक लावून बसले होते. कंडक्टर म्हणाला, ताई, पुढे बघा, उलटी होईल. तसं लिहिलं असतं त्या लेखकानं तर मी रडले असते.

बरोबर जादूची कादंबरी पाठवतेय. राणी मेघनंदा. डोंगर बोलतात, झरे सौदे करतात, आणि एक घोडेस्वार आहे तो तुला आवडणार, मी आत्ताच सांगते. शेवटाला मी ढसाढसा रडले आणि रडून बरं वाटलं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून इतकं बरं रडले नव्हते. भाऊजी, यात खंदक नाही, पण झरा आहे. कृपा करून त्याचं पाणी मोजू नका.

ऑपरेशनबद्दल मी काही बोलणार नाही. तू माझं कधी ऐकलंयस?

तुझी,
लीना


संगमनेर
११ ऑगस्ट २०२४

चि. लीना हीस अनेक आशीर्वाद.

भंडारदरा भरले, प्रवरेला पाणी सोडले आहे, पूल पाहायला गावाची गर्दी लोटली होती. पण खरी बातमी ती नाही. कुंदा ऑपरेशनला तयार झाली. गौरी-गणपती झाले की नाशिकला जायचे. तारीखही घेतली. हे सर्व तुझ्या मेघनंदेमुळे घडले. मी या राणीचा ऋणी आहे.

कादंबरी ऐकायला भागूबाईही काम टाकून बसत असे. राज्यात पाऊस पडावा म्हणून मेघनंदा आपले दोन्ही डोळे झऱ्याला देते, तिथे भागूबाईने माझे वाचन थांबवले. "येवढी राणी असून सोताचे डोळे देती व्हय? परधानाचे द्यायचे की! तो नुस्ता बसून खातोय." यावर कुंदा इतकी हसली की मला पुढचे पान लवकर सापडेना.

आता तिचा मजकूर.

"लीने, ही आंधळ्या बाईची गोष्ट आहे हे तू आधी सांगितलं नाहीस. डोळे दिले तिथे तुझा भयंकर राग आला. पुस्तक बंद करा म्हणाले होते. पण शेवट काय आहे गं! तो झरा एकदा घेतलेलं परत देत नसतो, असं सगळे तिला सांगतात. घोडेस्वारसुद्धा नको म्हणतो. तरी ती पुन्हा जाते. आणि पाणी डोळ्यांना लागल्यावर पहिल्यांदा तिला दिसतो तो तोच, केस पिकलेला. मी दोन दिवस दुसरा विचार केला नाही. ती पुन्हा गेली, मग मी का नाही? शेवटचं वाक्य यांना लिहायला सांगतेय, तुला पाठच असेल: 'तदनंतर सदरहू झऱ्याच्या पाण्याने मेघनंदेच्या उभय नेत्रांस दृष्टी पूर्ववत प्राप्त झाली.' भाषा शेवटी शेवटी जरा जड होते, पण काय लिहिलंय! तू कुठे कुठे रडलीस ते सविस्तर लिही."

कळावे.
शरच्चंद्र


जामखेड
१६ ऑगस्ट २०२४

ती. भाऊजी,

हे पत्र ताईला वाचून दाखवू नका. फोन करणार होते, पण तुमचा मोबाईल कायम तिच्या उशाशी आणि कायम स्पीकरवर. म्हणून पाकिटावर फक्त तुमचं नाव घातलंय.

सदरहू? भाऊजी, कुठल्या जगातल्या लेखिकेनं जादूच्या झऱ्याला सदरहू म्हटलंय?

मला वाटलं मलाच वेड लागलं. वाचनालयात जाऊन दुसरी प्रत काढली आणि उभ्या उभ्या शेवट पुन्हा वाचला. मेघनंदा झऱ्यापाशी जाते हे खरं. पण झरा आटलेला असतो. ती वाळूत हात घालून बसते, आणि आंधळीच परत येते. आंधळीच राज्य करते. घोडेस्वार येतो तेव्हा त्याचा चेहरा ती हातांनी बघते. मी रडले ती तिथे.

तुम्ही हे काय करून बसलात? ताई उद्या त्या टेबलावर झोपणार ती तुमच्या वाक्यावर भरवसा ठेवून. देव न करो, पण हाही डोळा गेला आणि मग तिला कळलं, की तो धीर पुस्तकातला नव्हता, तुमच्या पदरचा होता, तर ती कुणाकडे बघेल? सांगा तिला. ऑपरेशनच्या आधी सांगा.

आणखी एक, हे माझ्यापुरतं. चाळीस वर्षं आम्ही दोघी एकच पुस्तक वाचतोय. ती तिकडे, मी इकडे, संसार निराळे, दुखणी निराळी, पण पान एकच असायचं. माझे हे गेले तेव्हासुद्धा ताईनं समजूत काढली नाही, पुस्तक पाठवलं. तुम्ही पहिल्यांदाच आम्हाला दोन वेगळी पुस्तकं वाचायला लावलीत. त्याचा मला फार राग आलाय.

लीना


संगमनेर
२१ ऑगस्ट २०२४

चि. लीना,

पत्र पोहोचले. कुंदाने विचारले, कोणाचे? मी म्हणालो, पेन्शन ऑफिसचे. म्हणजे खोट्यावर खोटे चढले.

तुझा राग योग्य आहे. पण मलाही एक विचारू दे. डोळे जात चाललेल्या बहिणीला हे पुस्तक पाठवताना तुझे लक्ष कुठे होते? तू घोडेस्वार पाहिलास, राणीचे डोळे पाहिले नाहीस. हे मी भांडायला लिहीत नाही. दोघांचेही चुकले एवढेच.

घडले ते असे. ती पलंगाच्या कडेला बसली होती. झरा आटला, ही ओळ मी डोळ्यांनी आधीच वाचली होती, तोंडाने वाचायची बाकी होती. मान वर केली तर तिचा हात डाव्या डोळ्यावर होता आणि ती वाट पाहत होती. मला तोंड उघडवेना. "वाचा की," म्हणाली. मग तोंड उघडले आणि हे बाहेर पडले. मी आयुष्यात कार्यालयीन टिपणीपलीकडे काही लिहिलेले नाही. राणीला दृष्टी द्यायची तर ती मला त्याच भाषेत देता येत होती. ते ऐकून कुंदा म्हणाली, "नाशिकला फोन लावा."

शेवटचे वाक्य लिहा म्हणाली, ते लिहिले. तिच्या मजकुरात फेरफार करण्याचे मनात आले नाही. लेखिकेच्या मजकुरात मात्र केला. याचा अर्थ काय लावायचा ते मला समजत नाही.

आता सांगितले तर ती ऑपरेशन नाकारील आणि डोळा खात्रीने जाईल. न सांगितले तर निदान आशा आहे. माझे गणित एवढेच आहे. ती तुझ्या अभिप्रायाची रोज वाट पाहते. तेव्हा एक उपकार कर. राणीला दिसू लागले असे धरून चार ओळी लिही. पुढे जो दोष लागेल तो माझा. मी वयाने मोठा, तुला हात जोडतो असे लिहिणे शोभत नाही, पण तसेच समज.

शरच्चंद्र


जामखेड
२७ ऑगस्ट २०२४

ती. भाऊजी,

चार वेळा लिहायला बसले. चारही कागद फाडले. ताईशी मी पुष्कळ खोटं बोललेय. माझी तब्येत बरी आहे, एकटीला करमतं, मुलगा रोज फोन करतो, हे सगळं खोटं सांगितलंय. पुस्तकाबद्दल कधी बोलले नाही. ते मला येत नाही.

तुम्ही मला विचारलंत ते मात्र खरं आहे. पुस्तक बांधताना मी घोडेस्वारातच होते. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

मी तिला काही कळवणार नाही. सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नवं पुस्तक पार्सलनं पाठवतेय, परतीचं पत्ता घातलेलं पाकीटही नेहमीसारखं आत आहे. फक्त पत्र नाही.

लीना


संगमनेर
५ सप्टेंबर २०२४

लीने,

मी सांगतेय, हे लिहितायत. एकही शब्द गाळायचा नाही अशी शपथ घातलीय.

तुझं पार्सल आलं. मी पुस्तक उलटं धरून झटकलं. पाकीट पडलं, ते चाचपलं तर रिकामं. मग पानापानांत बोटं घातली. तेव्हा यांना म्हटलं, "लीनाचं पत्र नाही, म्हणजे एक तर ती गेली, नाहीतर तुम्ही काहीतरी केलंत. ती गेली असती तर फोन आला असता." हे खुर्चीत बसले. खुर्ची करकरली ती मी ऐकली. मग सगळं बोलले.

मी नाशिकची तारीख रद्द करायला लावली. त्यांनी निमूट केली. पुढचे दोन दिवस मी यांच्याशी बोलले नाही. मला डोळ्याचं दुःख झालं नाही, लीने, लाज वाटली. एवढी पुस्तकं वाचलेली बाई मी, आणि मला लहान पोरासारखी गोष्ट सांगून औषध पाजलं. आणि मी ते प्याले! भाषा जड आहे एवढंच म्हणाले! जेवायचं वाढायचं तेही भागूबाईमार्फत. दुसऱ्या दिवशी ती मलाच बोलली. "बाई, दादांनी लबाडी केली, खरं हाय. पर तुमच्यासाठीच केली न्हवं? माज्या मालकाला तर माज्यासाठी येक खोटं बोलायचं बी कदी सुचलं न्हाई."

काल म्हटलं, खरा शेवट वाचा. वाचला. मधे दोनदा थांबले, पण एकही सदरहू घातला नाही.

आता माझा अभिप्राय. लीने, तू रडलीस, मी नाही रडले. मला तो खरा शेवटही पटला नाही. डोळे गेल्यावर म्हणे मेघनंदेला माणसांची मनं दिसायला लागली. मला चहात साखर घातलीय की नाही ते दिसत नाही! ती चेहरा हातानं बघते. परवा मी हातानं बघायला गेले तर आमटीत बोटं गेली. त्या लेखिकेनं एक दिवस डोळ्यांना फडकं बांधून कुकर लावावा, मग लिहावं. यांची राणी बरी झाली, तिची राणी देवी झाली. आंधळी होऊन चिडलेली, कुरकुरणारी, दाराच्या चौकटीवर कपाळ आपटणारी राणी कुणी लिहिलीच नाही. तशी असती तर मी तिच्या मागोमाग गेले असते.

तुझा राग गेला. पुस्तक चुकून पाठवलंस, पण दोन महिन्यांत मी दुसऱ्या कशाचा एवढा विचार केला नव्हता.

आता ऐक. यांना पुन्हा नाशिकला फोन करायला लावलाय. सोळा तारीख मिळाली. राणी गेली म्हणून मी जात नाही. राणीला दिसलं काय, न दिसलं काय. मला माझं पुस्तक माझ्या हातात धरून, माझ्या वेगानं, आवडलेलं पान तीनदा आणि कंटाळवाणं एकदाही नाही, असं वाचायचंय. त्यासाठी जातेय. नाही जमलं तर नाही जमलं. कुणी मला फसवलं असं होणार नाही.

हे इथे नाक ओढतायत. तेही लिहा म्हटलं. लिहीत नाहीत.

(लिहिले आहे. श.)

तुझी,
ताई


संगमनेर
१८ ऑक्टोबर २०२४

लीने,

हे मी माझ्या हातानं लिहितेय. हे भाजी आणायला गेलेत. ओळी एकमेकींवर चढल्या असतील, जुळवून वाच. तुझं पत्ता घातलेलं पाकीट जपून ठेवलं होतं, त्यात घालून भागूबाई टपालात टाकेल.

फोनवर तुला सांगितलं ते यांच्यासमोर सांगितलं. आता खरं सांगते. उजेड थोडा वाढलाय. खिडकी कुठे आहे ते कळतं. दारात कुणी आलं की काळं काहीतरी हलतं. बस्स. पट्टी काढली त्या दिवशी होतं तेवढंच आजही आहे. डॉक्टर म्हणाले, काही महिने वाट बघा, काहींचं हळूहळू सुधारतं. हे त्या 'हळूहळू'ला धरून बसलेत. रोज सकाळी मला भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं करतात आणि तारीख विचारतात. तारीख काय, कालच्या पुढची. मी सांगते.

पहिल्या दिवशी मी खरंच सांगणार होते. मला काहीच वाचता येत नाही, हे शब्द तोंडात आले होते. पण हे शेजारी श्वास धरून उभे होते. तो धरलेला श्वास मला ऐकू आला, आणि तोंडातून निघालं, "कालच्यापेक्षा बरं आहे." त्या दुपारी झऱ्यापाशी यांचं काय झालं असेल ते मला तेव्हा कळलं. मी उगाच दोन दिवस अबोला धरला.

मी रडत बसलेय असं समजू नकोस. रडू येतं, नाही असं नाही, पण ते दुपारी यांचा डोळा लागला की. मी माझ्या पायांनी गेले होते, ते गेलेलं मला कुणी परत घ्यायला लावणार नाही. दिवाळीला भार्गवी येईल, तेव्हा दोघांना समोर बसवून सांगेन. तोवर तू काही बोलू नकोस. तुला खोटं बोलता येत नाही हे मला माहीत आहे. तू फक्त गप्प राहा, ते तुला जमतं.

आज सकाळी कॅलेंडर झालं आणि हे म्हणाले, "आता माझ्याकडे बघ. काय दिसतं?"

मी म्हटलं, "आधी दाढी करा. पांढरे खुंट आलेत."

लीने, किती हसले गं हे! टाळ्या वाजवल्या. भागूबाईला ओरडून सांगितलं, "अगं, हिला दिसलं, हिला दिसलं!" ती भांडी टाकून धावत आली. मग गाल खरखर चोळत, गुणगुणत मोरीत गेले.

मला काही दिसलं नव्हतं. सकाळपासून मोरीतला नळ वाजला नव्हता, एवढंच.

तुझी,
ताई